बाजारहाट : शेपूट पाहून घ्यावे

दिवाळी अंकात मटणाचा विषय काढला म्हणून काही वाचकभगिनी नाक मुरडून पान उलटतील याची मला कल्पना आहे. घरात चकलीच्या भाजणीचा खमंग वास सुटलेला असताना खाटकाच्या दुकानाची आठवण कशाला, असा त्यांचा प्रश्न. आणि तो वाजवीही आहे. पण या सदराचे नावच 'बाजारहाट' आहे. तांदूळ झाले, तूप झाले, केशर झाले, हापूस तर दोनदा झाला. पुण्यातल्या पुष्कळ घरांत दर रविवारी जो जिन्नस सर्वांत महाग आणि सर्वांत कमी चौकशी करून आणला जातो, त्याच्याबद्दल एक अक्षर लिहू नये हे काही बरे दिसत नाही. आंबा आपण देठापाशी हुंगतो, पेटीतला खालचा थर वर काढून पाहतो, देवगडचा की कर्नाटकचा म्हणून विक्रेत्याची उलटतपासणी घेतो. मटणाच्या दुकानात मात्र 'अर्धा किलो द्या, चांगलं द्या' एवढे म्हणून रस्त्याकडे तोंड करून उभे राहतो. किलोला सात-आठशे रुपये मोजणाऱ्या माणसाने असे करावे?

हा विषय डोक्यात आला तो एका जपानी चिठ्ठीमुळे. आमचा भाचा पुण्यातच जपानी भाषा शिकला आणि नोकरीनिमित्त टोकियोला गेला. तिथल्या निशी-कसाई भागात आपल्याकडची पुष्कळ बिऱ्हाडे आहेत, त्यांतलेच एक त्याचे. मध्यंतरी त्याने तिथल्या दुकानातल्या मांसाच्या एका पाकिटाचे छायाचित्र पाठवले. ते होते 'वाग्यू', म्हणजे खास जपानी गुरांचे मांस. खाल्लेस का, असे मी विचारले नाही. मामाने भाच्याला सगळेच विचारू नये. आपल्या राज्यात १९७६ च्या कायद्याने गाईंची आणि २०१५ पासून बैलांची व वळूंचीही कत्तल बंद आहे, तेव्हा वाग्यू कसे निवडावे हे पुणेकराला शिकवण्यात मतलब नाही. परंतु त्या पाकिटावर जे छापले होते ते मात्र जरूर ऐकण्यासारखे आहे.

त्यावर 'ए ५' असे लिहिले होते. यातले अक्षर म्हणजे जनावरामागे मांस किती निघाले त्याचा हिशेब. ए, बी आणि सी अशा तीन पायऱ्या. त्याच्याशी गिऱ्हाइकाला फारसे कर्तव्य नाही, तो व्यापाऱ्याचा मामला. आकडा मात्र आपला. तो एक ते पाच असतो आणि ठरवण्याची रीत मोठी कडक आहे. सहाव्या व सातव्या बरगडीच्या मध्ये काप घेऊन परीक्षक चार गोष्टी पाहतात : मांसात चरबी किती बारीक जाळ्यासारखी पसरली आहे, मांसाचा रंग, त्याचा घट्टपणा व पोत, आणि चरबीचा रंग. चारांना वेगवेगळे गुण. आणि त्यांतला जो सर्वांत कमी, तोच अंतिम निकाल! गणितात शंभर पडले तरी इतिहासात पस्तीस असतील तर प्रगतिपुस्तकावर पस्तीसच. आमच्या वेळी शाळेत हा नियम नव्हता याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

पहिली जी गोष्ट, चरबीचे जाळे, तिचे पुन्हा एक ते बारा असे स्वतंत्र माप आहे आणि पाचाचा दर्जा मिळायला त्यात किमान आठ लागतात. जपानीत या जाळ्याला 'शिमोफुरी' म्हणतात. पडलेले हिमदव असा त्याचा अर्थ. तांबड्या मांसावर पहाटेचे दव पडून गोठावे तशी ती पांढरी नक्षी दिसते. ही चरबी इतक्या कमी उष्णतेला वितळते की जिभेवर ठेवताच पाणी होते म्हणतात. गुरांना बियर पाजतात, अंग चोळून देतात वगैरे ज्या गोष्टी आपण ऐकतो त्या बहुतांशी दंतकथा आहेत. खरे कारण वंश आणि पुष्कळ महिन्यांचा सावकाश दिलेला खुराक. गंमत अशी की ही गुरे मुळात भातशेतीत राबणारी. जपानात इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मू याने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसाला बंदी घातली होती, आणि पुढची हजारभर वर्षे या ना त्या रूपाने गोमांस तिथे निषिद्धच मानले गेले. १८७२ साली खुद्द सम्राट मेइजींनी ते खाल्ल्याचे जाहीर झाले तेव्हा कुठे लोकांची भीड चेपली. आपल्या सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यान ही बाग ज्या ओकायामातल्या कोराकुएन बागेवरून बेतली आहे, त्याच ओकायामाच्या डोंगराळ भागात 'चिया' नावाच्या गुरांचा फार जुना वंश आहे. आपण त्यांची बाग उचलली. बाकीचे तिथेच राहिले.

पण भाच्याच्या छायाचित्रात मला खरे नवल वाटले ते कोपऱ्यातल्या दहा आकडी नंबराचे. जपानात जन्मलेल्या प्रत्येक वासराच्या कानात बिल्ला मारतात, त्यावरचा हा नंबर. तो त्या जनावराबरोबर गोठ्यातून कत्तलखान्यात, तिथून घाऊक बाजारात आणि शेवटी दुकानातल्या पाकिटावर येतो. घरी बसून नंबर घातला की जनावर कधी जन्मले, नर की मादी, कोणत्या जातीचे, कुठे वाढले आणि कधी कापले गेले, हे सगळे सरकारी दप्तरातून समोर येते.

हे जपानी लोक उपजत प्रामाणिक म्हणून झाले, असा कोणी समज करून घेऊ नये. सप्टेंबर २००१ मध्ये तिथे गुरांच्या मेंदूचा तो भयंकर रोग सापडला. लोकांनी मांस घेणे सोडले, सरकारने बाजारातला देशी माल विकत घेऊन नष्ट करण्याची योजना काढली, आणि काही व्यापाऱ्यांनी परदेशी मांसावर देशी चिठ्ठ्या डकवून सरकारच्याच गळ्यात मारले. २००२ साली हे उघडकीला आले तेव्हा मोठाच गहजब झाला. त्यानंतर २००३ मध्ये या नंबराचा कायदा आला. म्हणजे शब्दावरचा विश्वास उडाला, तेव्हा नंबर आला.

आता आपल्याकडे या. आपल्या जनावरांनाही कानात बिल्ला असतो, बरे का. केंद्र सरकारच्या योजनेत बारा आकडी पशुआधार क्रमांक देतात. जपानपेक्षा दोन आकडे जास्तच. पण तो बिल्ला कानात, आणि कान जनावराबरोबर गेला की नंबरही गेला. दुकानात टांगलेल्या मालावर तुम्हांला फार तर पशुवैद्याने तपासल्याचा शिक्का दिसेल. तो जरूर पाहावा. पण शिक्का जनावर निरोगी होते एवढेच सांगतो. ते कोवळे होते की जून, बोकड होता की मेंढी, हे तो सांगत नाही. ते आपल्या डोळ्यांनीच ओळखावे लागते.

आणि ते ओळखता येते. वय पाहायचे तर दुकानाच्या फळीवर ठेवलेली मुंडी पाहावी. आपले शेतकरी बैल घेताना जबडा उघडून आदत, दोनदाती, चौसा, जुळलेला असे सांगतात ना, तेच शास्त्र शेळ्यामेंढ्यांना लागू आहे. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, खालचे पाहायचे. सगळे बारीक दुधाचे दात असतील तर जनावर साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या आतले. मधले दोन मोठे, रुंद दात दिसले तर त्याच्या पुढचे. आठही मोठे दिसले तर नमस्कार करून पुढच्या दुकानी जावे, किंवा प्रेशर कुकरवर भरवसा ठेवावा. मुंडी आधीच विकली गेली असेल तर बरगड्या पाहाव्यात : कोवळ्या जनावराच्या बारीक आणि आतून लालसर, जुनाच्या रुंद, पांढऱ्या, टणक. सांध्याच्या टोकांना पांढरी लवचिक कूर्चा दिसली तर वय कमी. मांसाचा रंगही वयाबरोबर गडद होत जातो.

नर की मादी, हे ओळखण्यासाठी आपले खाटीक स्वतःच खूण राखतात. ती कोणती हे कुटुंबवत्सल मासिकात विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. मात्र वयात आलेल्या बोकडाच्या मांसाला एक उग्र दर्प असतो. लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाला तो नसतो, शिवाय तो अंगाने भरतो. जपानातल्या त्या नामांकित कोबे मांसाचीही हीच अट आहे : एक तर खच्ची केलेला नर, नाही तर न व्यालेली कालवड. दोन टोकांच्या दोन देशांत खाटकांचे एकमत व्हावे, यात काही तरी तथ्य असले पाहिजे.

जातीचेही थोडे सांगतो. मराठवाड्याची उस्मानाबादी शेळी काळी, काटक, बहुधा जुळी देणारी. चविष्ट म्हणून तिचे नाव. नगरकडची संगमनेरी दुधालाही बरी. चाकणच्या जनावरांच्या बाजारात एक चक्कर मारली तर असे प्रकार पाहायला मिळतात. मेंढ्यांत आपल्या धनगरांची दख्खनी, आणि सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याची माडग्याळ, उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची, पोपटासारख्या बाकदार नाकाची. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून 'नारी सुवर्णा' ही जात तयार केली आहे. इतकी मेहनत जातींवर झाली, पण दुकानाच्या पाटीवर जातीचे नाव मी अजून वाचलेले नाही. बासमती आणि आंबेमोहोर वेगळ्या भावाने विकणाऱ्या गावात मटण मात्र सारे एकच.

नाही, चुकलो असे कोणी म्हणायच्या आधी सांगतो, एक पाटी पुण्यात जरूर असते : 'बोल्हाईचे मटण'. बाहेरगावचे पाहुणे ती वाचून हमखास विचारतात, ही बोल्हाई कोण? पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या पुढे वाडे बोल्हाई म्हणून गाव आहे, तिथली ही देवी. ज्या घराण्यांत बोल्हाई पुजली जाते त्यांना शेळी-बोकडाचे मांस वर्ज्य, मेंढीचे चालते. म्हणून 'बोल्हाईचे' म्हणजे मेंढीचे. अलीकडे नवस नसलेली मंडळीही केवळ चवीसाठी ते मागतात आणि हॉटेलांच्या पाट्यांवरही ते नाव झळकते.

आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरी बोल्हाईचे आहे. सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. शेळीचे का चालत नाही, असे नातवंडांनी विचारले तर त्या एवढेच म्हणतात, "आपल्यात नाही चालत." त्यावर कोणी वाद घातल्याचे मला स्मरत नाही. पण जन्मभर पाळलेली ही गोष्ट शेवटी कशावर अवलंबून आहे? तर खाटकाच्या शब्दावर. एकदा तुकडे झाले की मेंढी आणि शेळी यांच्यातला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. शिजल्यावर आणि कांदा-खोबऱ्याचे वाटण पडल्यावर तर नावच नको. जनुकांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा देशात आहेत, पण रविवारच्या अर्ध्या किलोसाठी तिकडे कोण जातो?

म्हणून सासूबाईंची रीत अशी की त्या जातीने दुकानात जातात आणि सकाळी सातच्या आत जातात. खाटीक त्यांना आई म्हणतो. त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक.

"अरे, शेपूट दाखव आधी."

"आई, तीस वर्षं झाली, तरी अजून शेपूट?"

"तुझ्यावर विश्वास आहे रे बाबा. शेपटावर जरा जास्त आहे."

तो हसतो आणि टांगलेले धड फिरवून दाखवतो. शेपूट राखलेले असते ते याचसाठी. शेळीचे आखूड, वर वळलेले. मेंढीचे खाली लोंबणारे. सासूबाई तेवढ्यावरही थांबत नाहीत. त्या छातीचा घेर पाहतात. मेंढीची छाती पिंपासारखी गोल असते, शेळीची दोन्ही बाजूंनी चपटी. मेंढीची पाठ भरलेली, शेळीचा कणा वर धारेसारखा. मेंढीच्या अंगावर, कातड्याखाली पांढऱ्या घट्ट चरबीचा थर दिसतो; शेळीची चरबी बाहेर थोडी आणि आत, गुर्द्याभोवती, जास्त. शेळीचे मांस वरून किंचित चिकट लागते आणि त्याला एखाददुसरा केस चिकटलेला सापडतो. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत याच खुणा दिलेल्या आहेत. सासूबाईंनी ती पुस्तके वाचलेली नाहीत. त्यांच्या आईने त्यांना मंगळवारच्या बाजारात हात धरून शिकवले. आमच्या मुलीला मात्र यातले काही येत नाही. ती फोनवरून मागवते आणि दारात पिशवी येते. आत स्वच्छ धुतलेले, सारख्या आकाराचे तुकडे. शेपूट नाही, मुंडी नाही, बरगडीचा घेर नाही. पाकिटावर तारीख आहे, वजन आहे, किंमत तर ठळक आहे. फक्त जपानी पाकिटावरचा तो नंबर नाही. शब्द देणारा खाटीकही नाही. दोन्हींपैकी काहीच नाही, ही अवस्था मला बरी वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब शहराबाहेरच्या एका खाणावळीत गेलो होतो. नाव सांगत नाही. बाहेर पाटी बोल्हाईची. थाळ्या आल्या, आणि सासूबाईंनी वाढप्याला सहज विचारले, "मेंढीचंच ना रे?" तो पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "आजी, आज मेंढीचं संपलं होतं. पण सगळं सारखंच लागतंय." सासूबाई काही बोलल्या नाहीत. ताट पुढे सरकवले, हात धुतला आणि गाडीत जाऊन बसल्या. आम्ही मालकाला बोलावले, त्याने पैसे घेतले नाहीत. पण पैशाचा प्रश्नच नव्हता. संपले होते तर संपले म्हणायचे. त्या माउलीने पिठल्यावर समाधान मानले असते.

माझे मत विचाराल तर महापालिकेने किंवा अन्न खात्याने एवढे तरी करावे की विकलेल्या प्रत्येक पाकिटावर आणि दुकानाच्या पाटीवर शेळी की मेंढी हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे, आणि अधूनमधून नमुने तपासून खोटे लिहिणाऱ्याला दंड व्हावा. दहा आकडी नंबर सावकाश येऊ द्या. बारा आकडी कानात आहेच, तो दुकानापर्यंत पोचवण्याची युक्ती कोणी तरी काढील.

तोवर, घरी आणल्यावर काय करावे ते सांगतो, कारण चांगला माल आणून वाया घालवणारी घरेही मी पुष्कळ पाहिली आहेत. वाग्यूचे मांस पातळ कापून तव्यावर नुसते दाखवले तरी भागते, कारण चरबी आतच मुरलेली. आपल्या शेळीच्या मांसात ती आत जवळजवळ नसते. असतात ते चिवट तंतू, आणि ते मंद आचेवर पुष्कळ वेळ शिजले की मऊ होऊन रश्श्याला दाटपणा आणतात. तेव्हा रश्श्यासाठी निव्वळ मांडीचा हट्ट धरू नये. मांडी खिम्याला, सुक्याला बरी. रश्श्याला सीना, चाप, गर्दन आणि दोन नळ्या असे मिसळून घ्यावे. वजनात हाड आले म्हणून कुरकुर करू नये, चव त्यातच आहे.

दुसरी गोष्ट ताजेपणाची. जनावर कापल्यावर काही तासांनी मांस ताठरते आणि त्या अवस्थेत शिजवले तर चामड्यासारखे लागते. म्हणून एक तर सकाळी आणून लगेच चुलीवर चढवावे, नाही तर हळद-मीठ लावून शीतकपाटात रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी करावे. सकाळी आणून संध्याकाळी करणारे मात्र मधल्यामध्ये सापडतात आणि खाटकाला दोष देतात.

तिसरी गोष्ट मेंढीची. तिची चरबी वाग्यूच्या अगदी उलट, चटकन थिजणारी. ताटात निवले की कडेला पांढरे कडे धरते आणि ओठांना चिकटते. त्यामुळे बोल्हाईच्या मटणाला पाहुण्याची वाट पाहणे खपत नाही. भाकरी तव्यावरून उतरायची आणि रस्सा वाढायचा. पाहुणे उशिरा आले तर त्यांच्यासाठी वेगळा गरम करावा.

आता यंदाचे. दिवाळीनंतर मार्गशीर्ष लागला की खंडोबाचे षड्रात्र बसते आणि पुष्कळ घरांत चंपाषष्ठीपर्यंत सामिष बंद राहते. षष्ठीला वांग्याचे भरीत आणि रोडगे होतात, आणि त्यानंतर येणाऱ्या पहिल्या रविवारी खाटकाच्या दारात रांग लागते. त्या दिवशी नऊ वाजता जाणाऱ्याला उरलेसुरले तुकडे मिळतील, आणि गर्दीत कोणी शेपूट दाखवत बसणार नाही. शनिवारी संध्याकाळीच सांगून ठेवावे, रविवारी सातच्या आत जावे, आणि मुंडी फळीवर असेल तोवर दात पाहून घ्यावेत. नळ्या हव्या असतील तर त्याही आदल्या दिवशीच सांगाव्यात. एका बोकडाला त्या चारच असतात.